जुन्या कॉइलचा गुन्हा

दिवाळीला गावी जायचे म्हणजे आम्हा नोकरदारांच्या खिशात कामांची एक यादी असतेच. यंदाच्या माझ्या यादीत फराळाच्या डब्यांखाली एक वेगळेच काम होते: नानांची लूना सुरू करणे, नाही तर ती भंगारात देणे.

आमचे घर बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या डोणगावला. नाना शाळामास्तर होते. कायनेटिक कंपनीची लूना १९७२ साली बाजारात आली आणि मास्तर, पोस्टमन, दूधवाले यांची सायकलवरची रपेट संपली. नानांनी ती ऐंशीच्या दशकात घेतली. तिच्यावर आम्ही शाळेत गेलो, बाजारात गेलो, आजारपणात दवाखान्यातही गेलो. आता नानांना ऐंशी उलटली आहेत आणि लूना पडवीत उभी आहे. थंड असली की सुरू होते, दहा मिनिटे पळते, तापली की मरते. तासाभराने पुन्हा जिवंत!

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पाडव्यापर्यंत चालली तर ठेवू. नाही तर भंगारवाला यायचाच आहे."

नाना गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "पॉइंट पाहिलेस का रे?"

मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. शहरातल्या एका दुकानदाराने लक्षणे ऐकताच "कॉइल गेली" असा निकाल दिला होता आणि नवी कॉइल माझ्या बॅगेत होती. मी ती बसवून घेतली. लूना ऐटीत निघाली आणि बसस्टँडापाशी, भर चौकात, बंद पडली. मराठीचा प्राध्यापक लूना ढकलत चालला आहे, हे दृश्य गावाने पोटभर पाहिले.

ढकलत ढकलत एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या टपरीशी पोचलो. त्यांनी नव्या कॉइलकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सर, नवी आनली ते बरं केलं. पन जुनीचा गुन्हा काय, हे कोनी पाह्यलं का?"

पुढचा तासभर मी विद्यार्थी झालो. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चक्रात लोहचुंबके असतात. ती फिरली की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज उपजते. चुंबकाच्या हालचालीतून वीज निघते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. आम्ही ते शाळेत पाठ केले आणि विसरलो. ही वीज दुबळी असते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट उघडून वीज एकदम तोडली, की त्या बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. होडीच्या मागे लावायच्या जुन्या यंत्रांतही हाच खेळ चालतो.

"पन वीज खाडकन तुटली पाह्यजे," मिस्त्री म्हणाले. "ते काम कंडेन्सरचं. तो बिघडला, का ठिनगी प्लगात पडायच्या ऐवजी पॉइंटवरच पडते." त्यांनी चक्र उतरवले. पॉइंट काळेठिक्कर पडले होते.

कॉइलही उष्णतेने दगा देते, हे खरे. वर्षानुवर्षांच्या उन्हापावसाने तारेवरचे वेष्टन तडकते आणि तापल्यावर वीज आतल्या आतच वाट काढते. अशी कॉइल आवरणात कायमची बंद केलेली असली, तर ती उघडून पुन्हा गुंडाळणे सहसा जमत नाही, बदलावीच लागते. बदलतानाही त्याच जातीची हवी. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची कॉइल इथे चालेलच असे नाही. पण कंडेन्सर गेला तरी लक्षणे हुबेहूब तीच! म्हणून आधी प्लग, मग पॉइंट, मग कंडेन्सर आणि सगळ्यांत शेवटी कॉइल. मीटरवर कॉइल तपासली तरी तो अर्धेच सांगतो. खरी परीक्षा तापलेल्या कॉइलच्या ठिणगीची.

मिस्त्रींनी पॉइंट घासले, त्यांतली फट साधारण चार-दशांश मिलिमीटरवर बसवली, बोटाच्या पेराएवढा नवा कंडेन्सर लावला. मग माझी नवी कॉइल काढून माझ्याच हातात दिली आणि जुनी परत जोडली. "आता मेहकरच्या रस्त्यानं अर्धा तास हिंडून या."

मी पाऊण तास हिंडलो. लूना एकदाही अडखळली नाही.

लूना २०२४ साली नव्या अवतारात परत आली आहे. ती बॅटरीवर धावते. तिला ना पॉइंट, ना कंडेन्सर, ना ठिणगी. माझ्या मुलांना तीच हवी आहे आणि त्यांचे चुकते असेही नाही.

परतलो तेव्हा नाना ओट्यावर होते. लूना दारात आली, तरी त्यांनी हात वर करून मला इंजिन बंद करू दिले नाही. डोळे मिटून ते तो फटफटाट ऐकत राहिले. मग म्हणाले, "कंडेन्सर होता ना?"

"हो नाना. तुम्ही पॉइंटचे विचारलेत, तेव्हाच पाहायला हवे होते."

ते काहीच बोलले नाहीत. पाडव्याला भंगारवाला आला, तेव्हा भावाने त्याला घरातली रद्दी दिली आणि वाटेला लावले.