मागचा पाय कुठून ढकलतो?
(खेळांचे नियम, आतून : भाग ७)

क्रिकेट पाहत वाढलेला माणूस फास्टपिच सॉफ्टबॉलचा सामना पाहायला बसला की त्याची नजर सवयीने पिचरच्या पुढच्या पायावर जाते. तिथे त्याला क्रीज दिसत नाही. पुढचा पाय किती लांब पडावा याला इथे मर्यादाच नाही. पिचरने सहा फूट झेप घ्यावी नाहीतर सात, अंपायर हूं की चूं करत नाही. त्याचे सगळे लक्ष असते मागच्या पायावर.

हा मागचा पाय म्हणजे पिव्हट फूट. उजव्या हाताने फेकणारीचा उजवा, डावरीचा डावा. तो टेकवायला जमिनीत रबराची एक पट्टी पुरलेली असते, ती पिचिंग प्लेट: 24 इंच लांब, 6 इंच रुंद आणि जमिनीच्या पातळीतच. बेसबॉलसारखा मातीचा उंचवटा इथे नसतो. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतर महिलांसाठी 43 फूट आणि पुरुषांसाठी 46 फूट. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुली पूर्वी 40 फुटांवरून फेकत. 2010-11च्या हंगामापासून त्यांनाही 43 फूट लागू झाले.

तीन फुटांनी असा काय फरक पडतो? ताशी 65 मैलांनी, म्हणजे साधारण 105 किलोमीटर वेगाने सुटलेला बॉल सेकंदाला 95 फूट कापतो. पिचर सहा फूट पुढे झेपावून बॉल सोडते, म्हणजे प्रत्यक्षात उरतात सदतीसेक फूट. बॅटरच्या हाती सेकंदाचे चार दशांशही पुरते येत नाहीत. एवढ्यात बॉल ओळखायचा, ठरवायचे आणि बॅट फिरवायची. अशा खेळात पिचरने दोन फूट चोरले, तर ती चोरी लहान म्हणता येत नाही.

आता प्रत्यक्ष नियम. सुरुवातीला पिव्हट फूट प्लेटला टेकलेला हवा. दुसऱ्या पायाबाबत पुस्तके वेगवेगळे बोलतात. काही ठिकाणी दोन्ही पाय प्लेटला टेकलेले लागतात. अमेरिकेच्या शालेय नियमांत दुसरा पाय प्लेटवर किंवा प्लेटच्या मागे चालतो. आधी सिग्नल घ्यायचा, मग हात एकत्र आणून क्षणभर थांबायचे आणि मग एकच पाऊल, पुढे, बॅटरच्या दिशेने. तेही प्लेटच्या 24 इंच लांबीइतक्या रुंद सरळ पट्ट्यात. बॅटरला तिरका कोन मिळावा म्हणून बाजूला पाऊल टाकणारी पिचर इथे सापडते. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मैदानांवर हा पट्टा आखलेलाच असतो, त्यामुळे वादाला जागा कमी. प्लेटवर पाय डावीउजवीकडे सरकवला तर ते पाऊल धरत नाहीत. मात्र स्पर्श सुटता कामा नये.

इथपर्यंत सगळे सरळ. भांडणे सुरू होतात ती पिव्हट फूट प्लेट सोडतो त्या क्षणी.

त्या क्षणी तीन गोष्टी घडू शकतात. पहिली ड्रॅग: पायाचा अंगठा माती ओरखडत पुढे येतो. दुसरी लीप: प्लेटवरून जोर लावताच दोन्ही पाय हवेत जातात आणि मग पुढचा पाय पडतो. तिसरी क्रो हॉप. यात पिचर प्लेट सोडून पुढे उडी घेते, मागचा पाय पुन्हा जमिनीवर रोवते आणि तिथून दुसऱ्यांदा जोर लावून बॉल फेकते. म्हणजे प्लेट पुरली 43 फुटांवर आणि खरा रेटा मिळाला 41 फुटांवरून, तोही पळत्या अंगाचा.

बरीच वर्षे महिलांच्या खेळात फक्त ड्रॅग वैध होता. पुरुषांना लीप चालायची, महिलांना नाही. या भेदाचे पटेल असे समर्थन कुणी केलेले आढळत नाही. शिवाय नियम राबवणे हीच मोठी पंचाईत. अंपायरने बॉल बघायचा, स्ट्राइक झोन बघायचा आणि त्याच वेळी चाळीस फुटांवरच्या बुटाखाली इंचभर उजेड दिसतो का तेही बघायचे! त्यात प्रत्येक डावागणिक प्लेटपुढची माती उकरली जाऊन खड्डा पडतो. अंगठा त्या खड्ड्यावरून गेला तर तो जमिनीला टेकला की नाही? अमेरिकेच्या शालेय पुस्तकाला यासाठी वेगळी टीप द्यावी लागली होती: खड्डा असेल तर पाय मूळ जमिनीच्या पातळीच्या वर जाऊ नये. पातळी कुणी मोजायची, हे मात्र अंपायरच्या नजरेवर.

परिणाम व्हायचा तोच झाला. एका अंपायरकडे वैध ठरलेली पिचर दुसऱ्याकडे इलीगल ठरू लागली. इलीगल पिच झाली की अंपायर डावा हात आडवा धरतो, पण खेळ चालू राहतो. बॅटरने तोच बॉल मारून पहिला बेस गाठला आणि बाकीचे धावपटूही किमान एकेक बेस पुढे गेले, तर चूक विसरली जाते. नाहीतर बॅटरच्या खात्यात एक बॉल जमा. जुन्या नियमांत धावपटूंनाही एकेक बेस फुकट मिळे. तिसऱ्या बेसवर कुणी उभी असेल तर अंगठा इंचभर उचलला म्हणून थेट एक रन. ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जबरच होती.

अखेर 2024च्या हंगामासाठी अमेरिकेच्या हायस्कूल आणि कॉलेज, दोन्ही नियमपुस्तकांनी लीप वैध केली. पाय हवेत गेला तरी हरकत नाही, तो पुन्हा रोवून नवा जोर लावायचा नाही. क्रो हॉपवरची बंदी कायम राहिली. हा बदल योग्यच म्हटला पाहिजे. लीपमध्ये जोर एकदाच आणि प्लेटवरूनच लागतो; क्रो हॉपमध्ये तो दुसऱ्यांदा, आणि प्लेटच्या पुढून. अंपायरने पकडायची ती हीच दुसरी ढकल, आणि ती साध्या डोळ्यांनाही बऱ्यापैकी दिसते: रोवलेल्या पायाचा गुडघा वाकतो, त्यावर वजन येते आणि मग तो सरळ होतो. ड्रॅग करणाऱ्या पायावर वजनच नसते, तो नुसता मागून ओढला जातो.

दमलेल्या पिचरचे पाय आधी बिघडतात, असे प्रशिक्षक सांगतात. त्या दृष्टीने 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमधली जपानची युकिको उएनो आठवावी. दोन दिवसांत तीन सामने, मिळून 413 पिचेस. आधीची तिन्ही सुवर्णपदके जिंकलेल्या अमेरिकेला तिने अंतिम सामन्यात 3-1 असे रोखले.  चारशेवर वेळा तोच पाय, त्याच पट्टीवरून, अंपायरच्या नजरेखाली!

महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो. सरावाच्या मैदानावर रबराची प्लेट नसेल तर 24 बाय 6 इंचांची पट्टी चुन्याने तरी आखावी. नुसत्या मातीवर शिकलेल्या मुलीला आपण कुठून जोर लावतो हेच कळत नाही. बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करून ते संथ गतीने पाहिले की क्रो हॉप लगेच सापडते. आणि स्पर्धेला जाण्याआधी तिथे कोणते नियमपुस्तक, कोणत्या वर्षाचे लागू आहे, हे आयोजकांना जरूर विचारावे. पुढच्या भागात पिचरच्या हातांचे नियम पाहू.