बर्फावरची पहिली सायकल

सायकलच्या दुकानात हवा भरायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती पौंड?" आणि आपण सांगतो, "टाइट भरा." चाक कडक असलं की सायकल हलकी चालते, हे आपलं लहानपणापासूनचं शहाणपण. आज मी ज्या सायकलबद्दल बोलणार आहे, तिचा सगळा हिशेब नेमका याच्या उलट आहे. ती सायकल बर्फावर चालते, आणि चालते ती चाकात हवा कमी असते म्हणून.

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. साताऱ्यात वाढलेला, कॉलेजात असल्यापासून सायकलवेडा. यवतेश्वरचा चढ, कासचा रस्ता, पसरणीचा घाट हे त्याच्या पायांना पाठ. तिकडे गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने बर्फावरची सायकल भाड्याने घेतली. बाहेर शून्याखाली वीस अंश. चाकं मऊ वाटली म्हणून त्याने पंधरा पौंडांपर्यंत हवा भरली. पायात नेहमीचे घट्ट सायकलचे बूट, अंगात जाड जाकीट. घाट चढताना मारतो तसे जोर लावून पॅडल मारत निघाला. चाकं रुतत होती, अंग घामाने भिजत होतं. आठ किलोमीटरवर पॅडल एकदम मोकळंच फिरू लागलं. फ्रीव्हीलमधलं ग्रीस थंडीने घट्ट झालं होतं आणि आतली खटकी दात पकडेनात. ओल्या कपड्यांत, सायकल ढकलत, दोन तासांहून जास्त वेळ चालत तो परतला. बूट काढले तेव्हा दोन बोटं पांढरी पडली होती. उपचार वेळेवर झाले, बोटं वाचली. पण अजूनही थंडी वाढली की ती झोंबतात.

फोनवर तो म्हणाला, "मामू, सायकल चालवायला मी विसरलो नव्हतो. तेच चुकलं."

पुढच्या हिवाळ्याआधी त्याने स्वतःची सायकल घ्यायची ठरवलं. मी कविता लिहिणारा माणूस. उतरलेली चेन चढवताना हात काळे करायचे, एवढंच माझं सायकलज्ञान. पण तो दर रविवारी फोनवर समजावून सांगायचा आणि मी वहीत टिपून ठेवायचो. त्या वहीतलंच काही आज सांगतो.

या सायकलचा जन्म अलास्कातला. तिथे कुत्र्यांच्या घसरगाड्यांची इडिटारॉड नावाची जुनी वाट आहे. १९८७ साली त्या वाटेवर सायकलींची शर्यत झाली. साध्या टायरची सायकल बर्फात रुतायची आणि स्वार उतरून ती ढकलायचे. मग खटपटे लोक दोन-दोन रिमा शेजारी शेजारी जोडून चाकं रुंद करू लागले. फेअरबँक्सच्या सायमन राकोवर यांनी चव्वेचाळीस मिलिमीटर रुंदीची रिम बनवली. दक्षिणेकडे वाळवंटातल्या वाळूत सायकल चालवण्यासाठी रे मोलिना यांनी त्याहूनही रुंद रिमा केल्या. वाळूची आणि बर्फाची मागणी एकच होती. २००५ साली मिनेसोटातल्याच सर्ली या कंपनीने 'पग्सली' नावाची सायकल बाजारात आणली. तिचे टायर ३.७ इंच रुंद होते. तेव्हापासून हौशी माणसाला अशी सायकल दुकानात मिळू लागली. तिकडे तिला 'फॅट बाइक' म्हणतात. आपण जाडी सायकल म्हणू या.

आता हवेचा हिशेब पाहू. माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो वजन धरा, म्हणजे साधारण दोनशेवीस पौंड. चाकात तीस पौंड हवा असेल, म्हणजे दर चौरस इंचाला तीस पौंड दाब, तर दोन्ही चाकं मिळून ढोबळमानाने सात-साडेसात चौरस इंच जागेवर टेकतात. तीच हवा पाच पौंड केली तर टेकण्याची जागा चव्वेचाळीस चौरस इंच होते. भार तोच, पण सहापट जागेवर पसरलेला. म्हणून चाक रुतत नाही. दाबलेल्या, सपाट केलेल्या वाटेवर पाच ते आठ पौंड आणि भुसभुशीत बर्फावर दोन ते चार पौंड, इतक्या कमी हवेवर ही सायकल चालते.

यात एक मेख आहे. घरात वीस अंश उबेत आठ पौंड हवा भरली आणि सायकल उणे वीस अंशात नेली, की आकसलेल्या हवेचा दाब जेमतेम पाच पौंड उरतो. म्हणून हवा बाहेर नेऊन मोजायची. त्यासाठी शून्य ते पंधरा पौंड दाखवणारा वेगळा मापक लागतो. नेहमीच्या पंपावरच्या काट्याला दोन पौंडांचा फरक धड दाखवता येत नाही, आणि इथे दोन पौंडांत चालणं आणि रुतणं ठरतं.

सायकल निवडताना अनुभवी माणूस आधी वजन पाहतो, मग गियर. इथे पहिला प्रश्न वेगळा आहे: फ्रेममध्ये आणि पुढच्या चिमट्यात किती रुंद टायर मावतो? पाच इंची टायर मावणाऱ्या फ्रेममध्ये चार इंची बसवता येतो, उलट जमत नाही. मळलेल्या, दाबलेल्या वाटांवरच फिरायचं असेल तर चार इंच पुरतात. ताज्या, खोल बर्फात जायचं असेल तर पाच इंचांच्या जवळपासचा टायर आणि ऐंशी ते शंभर मिलिमीटरची रिम हवी. रिम अरुंद असेल तर कमी हवेत टायर वळणावर लोळतो.

चिमटा शॉकॉब्जरचा नको, साधा घ्यावा. कमी हवेचा टायर हाच मोठा शॉकॉब्जर असतो, आणि कडाक्याच्या थंडीत शॉकॉब्जरमधलं तेल घट्ट होतं. ब्रेकचंही तेच. तेलावर चालणारे काही ब्रेक थंडीत मंद पडतात, म्हणून फार थंड मुलखातले बरेच स्वार तारेचे डिस्क ब्रेक पसंत करतात. ते वाटेत हातमोजे घालूनही नीट करता येतात. पुढे एकच लहान दात्यांचं चाक आणि मागे मोठा गियर असावा, कारण बर्फात वेग नसतो, रेटा असतो. आणि दुकानातून निघण्यापूर्वी मागच्या हबमध्ये थंडीत न गोठणारं पातळ ग्रीस घालून घ्यायचं. भाच्याला आठ किलोमीटर चालवलं ते याच बोटभर ग्रीसने.

टायरला खिळे हवेत का? गोठलेल्या तळ्यावर, काचेसारख्या बर्फावर खिळ्यांना पर्याय नाही. भुसभुशीत बर्फात मात्र त्यांचा उपयोग नाही. ते महाग असतात, म्हणून कुठे फिरणार हे आधी ठरवावं. आणि तळ्यावर जाण्याआधी टायर नव्हे, बर्फ मोजायचा. नुसतं चालायलासुद्धा निदान चार इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ हवा, असं मिनेसोटाचं सरकारी खातं सांगतं. पांढुरका, बर्फवृष्टीतून साचलेला थर त्याहून पुष्कळ कच्चा असतो.

आता सायकलच्या नव्हे, स्वाराच्या तयारीकडे येऊ. भाच्याचं म्हणणं, पैसे कमी पडले तर सायकल जुनी घ्यावी, पण इथे हात आखडू नये. हँडलच्या दोन्ही टोकांना मोठ्या अस्तरी पिशव्या बांधतात. त्यांना 'पोगी' म्हणतात. हात त्यांच्या आत राहतात, त्यामुळे पातळ मोज्यांतही बोटं हलती राहतात, ब्रेक दाबता येतो. पायांसाठी बर्फाचे जाड बूट, एक नंबर मोठे. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि मोजे कितीही जाड असले तरी बोटं गारठतात. पॅडल सपाट घ्यायचं. बूट अडकवून ठेवणारं पॅडल धातूमधून पायाची ऊब ओढून घेतं, आणि बर्फात क्षणोक्षणी पाय टेकावा लागतो, तेव्हा तो अडकलेला नको.

घाम हा तिथला खरा वैरी. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. ऊब वाटत निघालात तर अर्ध्या तासात भिजाल, आणि थांबलात की ओले कपडे अंगाची ऊब शोषून घेतात. म्हणून एक जाड जाकीट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घालावेत आणि चढ लागण्याआधी एक काढावा. पाण्याची नळी गोठते, म्हणून थर्मास घ्यायचा. साधी बाटली असेल तर ती उलटी ठेवायची. बर्फ वर तरंगतो, म्हणजे तो बुडाशी धरतो आणि झाकणाचं तोंड मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत बॅटरी पाहता पाहता मान टाकते.

चालवण्याच्या सवयीही बदलाव्या लागतात. उभं राहून जोर मारला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हँडल झटकन वळवलं किंवा पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं. बसून, एकसारखं, सबुरीने पॅडल मारायचं. स्की करणाऱ्यांच्या आखलेल्या खोबणीत चाक घालायचं नाही. आणि चाकामागे इंचभराहून खोल चर पडत असेल तर आधी हवा कमी करायची. तरीही पडत असेल तर घरी परतायचं, कारण तो चर रात्रीत गोठतो आणि मागून येणाऱ्याला पाडतो.

तयारी किती गंभीरपणे घेतात पाहा. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे. तिथून जानेवारीअखेर १३५ मैलांची 'अॅरोहेड' शर्यत निघते. २००५ सालापासून ती होते. तिथे प्रत्येकाजवळ कडाक्याच्या थंडीत झोपता येईल अशी झोपपिशवी, बर्फ वितळवायला स्टोव्ह आणि भांडं, इंधन, काडेपेटी, दिवे, तीन हजार कॅलरींचं खाणं आणि गळ्यात दोरीने अडकवलेली शिट्टी असावीच लागते. वर्षानुवर्षं हा खेळ खेळणाऱ्यांनाही हा नियम लागू. अलास्काची हजार मैलांची वाट २०१४ साली दहा दिवसांहून थोड्या अधिक वेळात पार करणाऱ्या जेफ ओटली यांच्यासारख्यांच्या विक्रमांमागे अशीच तयारी असते.

भाच्याने शेवटी आधीच्या वर्षीचं मॉडेल घेतलं. पाच इंची टायर मावणारं, साध्या चिमट्याचं. वाचलेल्या पैशांत बूट, पोगी आणि हवेचा मापक आला. पहिल्या फेरीच्या दिवशी दहा मिनिटांवर थांबून त्याने मला फोन लावला. "मामू, ऐका," म्हणाला, आणि फोन चाकाशी धरला. फुस्स असा बारीक आवाज आला. दोन पौंड हवा सोडली होती. मग तो नीट गेला आणि कोरड्या कपड्यांत परत आला.

तुमच्यापैकी कुणाची मुलं, भाचे, पुतणे अशा थंड मुलखात असतील आणि सायकल घेतोय असं कळवतील, तर किंमत मागाहून विचारा. आधी विचारा, "बूट घेतलेस का?"