सेवा-वाहनांच्या आठवणींचा ठेवा

प्रवरा नदीच्या काठी वसलेल्या बेलापूर गावाच्या नावाचे रेल्वे स्थानक गावात नाही. ते काही किलोमीटरवरील श्रीरामपूर शहरात आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि हा परिसर दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. स्थानकापासून गावापर्यंतची वाट मात्र दीर्घकाळ बैलगाडीची व टांग्याची राहिली. आजाऱ्याला दवाखाना गाठावयाचा असो की विद्यार्थ्याला परीक्षा केंद्र, खरी अडचण या अखेरच्या टप्प्यावरच येत असे. सार्वजनिक सेवेतील वाहनांचे मोल जाणावयाचे असेल, तर ते याच टप्प्यावर जोखले पाहिजे.

एस.टी.चा प्रारंभ

स्वातंत्र्यापूर्वी ग्रामीण प्रवासी वाहतूक मुख्यतः खाजगी मोटारमालकांच्या हाती होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिला काही शिस्त लागली. पुढे १ जून १९४८ रोजी तत्कालीन मुंबई राज्याच्या राज्य परिवहन सेवेची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला हा मान लाभला, ही अभिमानाची गोष्ट होय. आरंभीच्या ताफ्यात बेडफर्ड बनावटीच्या गाड्या होत्या. त्यानंतरच्या काळात मॉरिस, अल्बियन, लेलँड, स्टुडबेकर अशा अनेक बनावटींची वाहने सेवेत आली. याच पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सुरू झाली. चौऱ्याहत्तर वर्षांचे स्थित्यंतर एकाच रस्त्यावर घडून आले.

नावापलीकडचे काम

एस.टी.ची गाडी ही नावाने प्रवासी वाहन. कामाने ती त्याहून बरीच अधिक होती. टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि निवडणुकीच्या मतपेट्या तिने वाहिल्या. जेथे रुग्णवाहिका नव्हती, तेथे आजाऱ्याला तालुक्याच्या गावी नेण्याचा आधारही तीच होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर विकासकार्यात जीप गाडीचा वावर वाढला. लस, औषधे, बियाणे आणि अधिकारी यांना घेऊन ती कच्च्या रस्त्यांवरून वाडी-वस्तीपर्यंत पोचली. १९७२ च्या दुष्काळाने तर पाण्याचा टँकर हेही संकटकाळातील अत्यावश्यक वाहन ठरू शकते, हे दाखवून दिले.

आणीबाणीच्या प्रसंगी धावणाऱ्या वाहनांमागे माणसांचे बलिदानही असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर स्फोट झाले. आग विझविण्यास धावलेल्या मुंबई अग्निशामक दलाच्या ६६ जवानांना त्यात वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ग्रामीण भागाला तातडीच्या रुग्णवाहिकेची संघटित सेवा मात्र बऱ्याच उशिरा मिळाली. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. तोपर्यंतची अनेक दशके हाती असेल त्या वाहनाने निभावून नेली.

नोंद आताच का?

केंद्र शासनाच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने वगळता स्थानिक स्वराज्य संस्था व राज्य परिवहन उपक्रम यांच्या वाहनांनाही हा नियम लागू आहे. प्रदूषण व सुरक्षितता या दृष्टींनी तो योग्यच आहे. मात्र वाहन मोडीत जाताना त्याचा इतिहासही मोडीत निघू नये.

जतनाची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. अहमदनगर येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयाने युद्धातील वाहने सांभाळली आहेत. मुंबईत अणिक आगारातील संग्रहालयात बेस्ट उपक्रमाचा वारसा पाहावयास मिळतो. प्रत्येक गावाला संग्रहालय उभारणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. वाहनाचे निर्लेखन होण्यापूर्वी त्याची दोन-चार छायाचित्रे घ्यावीत. ते सेवेत कधी आले व कोणत्या कामी राहिले, याचे एक टिपण दप्तरी ठेवावे. गाडीच्या लॉगबुकात तारीख, अंतर व प्रवासाचे कारण नोंदलेले असते. पुराच्या रात्री किंवा साथीच्या दिवसांत गाडी कोठे गेली, हे त्याच पानांवरून कळते. अभिलेख नियमांच्या चौकटीत अशी निवडक लॉगबुके जपता येतील.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी निवृत्त चालक, वाहक, परिचारिका व टांगेवाले यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ग्रामपंचायतीने त्या वाचनालयात ठेवाव्यात. बेलापूरसारख्या गावात स्थानकापासून घरापर्यंतची वाट कोणी व कशी सुकर केली, हे पुढील पिढीला समजले पाहिजे. ज्या गावाला आपल्या सेवेची पूर्वपीठिका ठाऊक असते, ते गाव आजच्या सेवेत काय उणे आहे, हेही नेमकेपणाने सांगू शकते.