हलत्या पोटाचं स्थिर चित्र

एमआरआय विभागात काचेपलीकडे यंत्र असतं आणि काचेअलीकडे कन्सोल. पोटाची तपासणी चालू असली की कन्सोलच्या पडद्यावर एका कोपऱ्यात वळणं घेत सरकणारी एक रेघ दिसते. ती रुग्णाच्या श्वासाची. अनुभवी टेक्निशियनचं लक्ष चित्रांइतकंच या रेघेवर असतं. रेघ खाली येऊन सपाट झाली की सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचा एक संच घेणं, सुरू करायचा आणि ती मध्येच उसळली तर तोच पुन्हा घ्यायचा. पुण्यातल्या एका रुग्णालयात या खोलीत बसून मी हे काम पाहत होतो. पोटाच्या एमआरआयमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत जी सुधारणा झाली, तिचा मोठा भाग शरीराच्या हालचालीवर मात करण्यात गेला आहे, हे तिथे ठळकपणे समजलं.

मेंदू कवटीत जवळजवळ स्थिर असतो. गुडघा पट्ट्याने बांधून ठेवता येतो. पोटाचं तसं नाही. साध्या श्वासातही यकृत एक-दोन सेंटिमीटर वरखाली सरकतं आणि त्याच्याबरोबर स्वादुपिंड, मूत्रपिंडंही हलतात. आतडी आपल्या लयीत आवळत राहतात, महाधमनी ठोके देत असते, मूत्राशय भरत जातं. आणि या सगळ्यात शोधायची गाठ कधी कधी एक सेंटिमीटरचीही नसते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकाने एका दिशेला वळवायचं, रेडिओ लहरींचा झटका देऊन हलवायचं आणि ती पूर्वस्थितीला येताना जे संकेत देतात ते टिपायचे, हे त्याचं तत्त्व. नेहमीच्या यंत्राचा चुंबक 1.5 टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असतो. पण एक चित्र पुरं व्हायला हे संकेत शेकडो वेळा गोळा करावे लागतात. तेवढ्यात अवयव हलला की त्याच्या कडा पुसट होतात आणि त्याच्या छाया चित्रभर उमटतात.

सुरुवातीला तर ही अडचण अटळच होती. 1977 मध्ये रेमंड डेमेडियन यांच्या गटाने माणसाच्या छातीचा एक छेद घेतला, त्याला जवळपास पाच तास लागले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्ड स्वतः आपल्या यंत्रात उतरले आणि त्यांच्या पोटाचा छेद मिळाला. संकेत अतिशय वेगाने गोळा करण्याची इको-प्लॅनर पद्धत त्यांनीच मांडली होती. 2003 मध्ये पॉल लॉटरबर यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. पोटासाठी वेग किती मोलाचा आहे, हे तेव्हापासूनच दिसत होतं.

आजही पोटाच्या एमआरआयचं निम्मं काम यंत्राबाहेर होतं. रुग्णाने चार-सहा तास काही खाल्लेलं नसावं लागतं, म्हणजे जठर रिकामं आणि पित्ताशय भरलेलं राहतं. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, साडीच्या पिना, करदोटा, सगळं उतरवावं लागतं. पेसमेकर आहे का, पूर्वीच्या शस्त्रक्रियेतली क्लिप आहे का, हे पुन्हा पुन्हा विचारलं जातं. ही चौकशी कोणाला कंटाळवाणी वाटते, पण हा चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. मुंबईत जानेवारी 2018 मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला, तो याच कारणाने. रक्तातलं क्रिएटिनिनही पाहतात, कारण चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं गॅडोलिनियमचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं आणि मूत्रपिंडं फार खराब असतील तर काही जुन्या प्रकारच्या कॉन्ट्रास्टने गंभीर त्रास होऊ शकतो.

कावीळ झालेल्या एका आजींची पित्तनलिकांची तपासणी व्हायची होती. या तपासणीला एमआरसीपी म्हणतात. त्याआधी त्यांना अननसाचा रस पाजला गेला. अननसात मँगेनीज असतं. त्यामुळे जठरातला आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचा द्रव चित्रात काळा होतो आणि मागच्या पित्तनलिका स्वच्छ दिसतात. नलिकांमधलं पित्त स्वतःच पांढरंशुभ्र चमकतं, त्याला इंजेक्शन लागत नाही. एमआरसीपी 1990 च्या दशकात रुळली. त्याआधी नलिकांचं असं चित्र हवं असेल तर बऱ्याचदा तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत औषध सोडावं लागे आणि त्यात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असे. आता दुर्बीण मुख्यतः उपचारासाठी, म्हणजे खडा काढायला किंवा नळी बसवायला वापरतात.

आजींना टेबलावर घेतल्यावर टेक्निशियनने पोटावर संकेत टिपणारी कॉइल बांधली, गरज पडली तर दाबून बोलावण्यासाठी हातात रबरी फुगा दिला आणि यंत्रात सरकवण्याआधी श्वासाची तालीम घेतली. “आजी, श्वास घ्या. आता सोडा, पूर्ण सोडा. आता थांबा, घेऊ नका. मी म्हणेन तेव्हाच घ्यायचा.” श्वास सोडून थांबायला सांगण्यामागे कारण आहे. छाती भरून घेतलेला श्वास दर वेळी कमी-जास्त होतो, सोडलेला श्वास मात्र बहुधा त्याच जागी येऊन ठेपतो. त्यामुळे प्रत्येक सिक्वेन्समध्ये यकृत जवळपास एकाच जागी सापडतं. यंत्रात आधी ध्वनिमुद्रित केलेल्या सूचनाही असतात. या ताईंनी त्या बंद ठेवल्या आणि माइकवरून स्वतः मराठीत बोलत राहिल्या. ओळखीच्या भाषेतल्या शांत आवाजावर आजी सोळा-सतरा सेकंद सहज थांबत होत्या. पडद्यावरची रेघ सपाट होती.

हे सेकंद कमी होत आले, त्यामागे बरंच संशोधन आहे. आधी कॉइलमध्ये संकेत टिपणारे अनेक लहान घटक बसवले गेले. प्रत्येकाला संकेत थोडा वेगळा मिळतो. या फरकाचा उपयोग करून कमी मोजण्यांतून पूर्ण चित्र बांधण्याच्या पद्धती 1997 ते 2002 या काळात आल्या आणि श्वास रोखण्याचा वेळ एकदम निम्म्यावर आला. 2007 मध्ये कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचा एमआरआयमधला वापर मांडला गेला. मोजण्या मुद्दाम विखुरलेल्या घ्यायच्या आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं. एमआरसीपीच्या ज्या त्रिमित सिक्वेन्सला श्वासाच्या लयीने थांबत थांबत चार-पाच मिनिटं लागत, तो यामुळे वीसेक सेकंदांच्या एकाच श्वासात बसवता येऊ लागला.

पण ज्याला दहा सेकंदही थांबता येत नाही, त्याचं काय? दम्याचे रुग्ण, लहान मुलं, ऐकू न येणारी माणसं यांच्यासाठी दुसरी वाट निघाली. संकेत ओळीओळीने न घेता बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे मध्यातून आरपार घेतले, तर श्वासाची हालचाल ठसठशीत छाया न पाडता हलक्या रेघांमध्ये विखुरते. रुग्ण साधा श्वास घेत राहतो आणि यकृत तरीही वाचता येतं. ही सुधारणा सर्वांत अशक्त रुग्णाच्या उपयोगी पडते, म्हणून मला ती सर्वांत मोलाची वाटते.

जास्त ताकदीचं यंत्र म्हणजे नेहमीच चांगलं चित्र, असाही समज असतो. पोटात पाणी झालेल्या एका रुग्णाला टेक्निशियनने मुद्दाम 3 टेस्लाऐवजी 1.5 टेस्लाच्या यंत्रावर घेतलं. 3 टेस्लाला रेडिओ लहरींची शरीरातली लांबी पोटाच्या रुंदीच्या आसपास येते. लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि पाणी भरलेल्या पोटाच्या मध्यावर काळा डाग पडतो. कोणता रुग्ण कोणत्या यंत्रावर घ्यायचा, हा निर्णयही कौशल्याचाच.

चित्रातून मिळणारी माहितीही बदलली आहे. पूर्वी आकार दिसायचा, आता ऊतींचा स्वभावही मोजता येतो. डिफ्यूजन पद्धतीत पाण्याच्या रेणूंना हलायला किती मोकळीक आहे ते कळतं. दाट पेशींच्या गाठीत ती कमी असते आणि गाठ उजळून दिसते. एका प्रकारचं कॉन्ट्रास्ट यकृताच्या निरोगी पेशी शोषून घेतात. साधारण वीस मिनिटांनी चित्र घेतलं की यकृत उजळतं आणि दुसरीकडून आलेली कर्करोगाची गाठ काळी उरते. यकृतात चरबी किती टक्के, लोह किती, हेही सुई न टोचता सांगता येतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1995 मध्ये पुढे आलेल्या इलॅस्टोग्राफीत बरगड्यांवर एक चकती ठेवून मंद कंपनं सोडतात. यकृत जितकं कडक, तितकी लहर त्यातून वेगाने जाते. मधुमेह आणि चरबीयुक्त यकृत घरोघर दिसू लागलेल्या आपल्या शहरांत बायोप्सीशिवाय हे कळणं ही मोठी सोय आहे.

ओटीपोटाकडे वळलं की श्वासाचा त्रास कमी होतो आणि कोनाचं महत्त्व वाढतं. गुदाशयाच्या कर्करोगाच्या तपासणीत टेक्निशियन उभ्या छेदावर गाठ शोधतो आणि तिच्या अक्षाला बरोबर काटकोनात तीन मिलिमीटर जाडीचे छेद आखतो. हे आखणं मी बराच वेळ पाहत राहिलो. रेघ थोडी फिरवायची, दुसऱ्या छेदावर पडताळायची, पुन्हा फिरवायची. कोन चुकला तर स्नायूचा थर पुसट होतो आणि गाठ प्रत्यक्षापेक्षा पुढे गेल्यासारखी दिसू शकते. गाठ आणि भोवतालचं आवरण यांत एक मिलिमीटरपेक्षा कमी अंतर उरलं, तर आधी रेडिएशन आणि केमोथेरपी द्यायची का, याचा विचार होतो. म्हणजे पडद्यावरच्या त्या रेघेवर माणसाच्या पुढच्या कित्येक महिन्यांचे उपचार अवलंबून असतात.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही तसंच. भारतीय स्त्रियांमध्ये हा कर्करोग फार आढळतो. त्याची अवस्था ठरवताना एमआरआयच्या निष्कर्षांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 2018 मध्ये स्थान मिळालं. गाठ बाजूच्या ऊतींत शिरली आहे का, हे आता हाताच्या तपासणीबरोबर चित्रावरूनही ठरतं आणि शस्त्रक्रिया की रेडिएशन हे त्यावरून ठरवता येतं. भगंदराच्या रुग्णात मार्ग कुठून कुठे जातो आणि कोणता स्नायू भेदतो, हे आधी कळलं तर भगंदर पुन्हा होण्याची आणि शौचावरचा ताबा जाण्याची भीती कमी होते.

प्रोस्टेटच्या बाबतीत तर कामाची पद्धतच पालटली. 2018 च्या प्रिसिजन या अभ्यासात 500 पुरुष होते. आधी एमआरआय करून संशयित जागीच सुई घातली, तेव्हा उपचारांची गरज असलेला कर्करोग 38 टक्क्यांमध्ये सापडला. नेहमीच्या बायोप्सीत हे प्रमाण 26 टक्के होतं. ज्यांच्या एमआरआयमध्ये संशयास्पद काही नव्हतं, अशा कित्येकांची सुई टळली.

आता संगणकाला लाखो चित्रांवर शिकवून कमी संकेतांतून स्वच्छ चित्र घडवलं जातं. काही सिक्वेन्सचा वेळ त्यामुळे निम्म्याहून कमी झाला आहे. इथे मात्र सावध राहायला हवं. गुळगुळीत चित्र म्हणजे खरं चित्र असं नाही. अगदी बारीक गाठ या प्रक्रियेत पुसली जाऊ शकते. म्हणून रेडिऑलॉजिस्ट एकाच सिक्वेन्सवर विसंबत नाहीत. डिफ्यूजनमध्ये उजळलेली जागा पाणी उजळ दाखवणाऱ्या टी-टू चित्रात पाहतात, कॉन्ट्रास्टच्या टप्प्यांत पाहतात, जुन्या फिल्मशी ताडतात. ही शिस्त कोणतंही सॉफ्टवेअर आणून देत नाही.

पोटाच्या एमआरआयची खरी प्रगती रुग्णाकडून कमी मागण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. पण थोडं सहकार्य अजूनही लागतं आणि ते आपल्या हातात आहे. तपासणीला जाताना जुने रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्या. शरीरात कोणतंही धातूचं उपकरण असेल तर न विचारता सांगा. डॉक्टरांना चिठ्ठीवर फक्त “पोटाचा एमआरआय” न लिहिता नेमकं काय शोधायचं आहे ते लिहायची विनंती करा, कारण सिक्वेन्स त्यावरूनच निवडले जातात. सूचना समजली नाही तर आपल्या भाषेत पुन्हा सांगायला सांगा. आणि आदल्या दिवशी घरी, श्वास सोडून पंधरा सेकंद थांबायचा सराव करा. यंत्र कितीही नवं असलं, तरी तुमचं चित्र या सरावाने नक्की चांगलं येईल.