मांडी न घालणाऱ्या माणसाची बैठक

सिंदखेड राजाला लखुजीराजे जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. आजही त्या दिवशी तिथे गर्दीचा लोट असतो. महाद्वार पाहून होतं, मोती तलाव पाहून होतो. पण या वाड्यातली माणसं बसत कशावर होती, हे सहसा कुणी विचारत नाही. दिवाळीतल्या किल्ल्याचंही तेच. बुरूज, तोफा, मावळे, आणि आत रिकामं! घरात लेगोचे ठोकळे असतील तर ही उणीव भरून काढता येते.

या ठोकळ्यांचा पेटंट-अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. कंपनी काढली ती मात्र डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या एका सुताराने, ओले कर्क क्रिस्तियानसनने. तेव्हा त्यातून फर्निचर करणं काही आगाऊपणा नव्हे.

हिशेब असा. ठोकळ्यावरच्या एका उंचवट्याची जागा ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि पातळ पट्टी ३.२ मिमी. लेगोचा माणूस साधारण ४ सेंमी, म्हणजे प्रमाण १:४० च्या आसपास पडतं. चौरंगाला चार बारक्या गोल पट्ट्यांचे पाय आणि वर दोन बाय दोनची गुळगुळीत टाइल पुरते. उंची भरते दहा इंच. पेटाऱ्याला खरी गंमत आहे. पाच पट्ट्यांची उंची बरोबर दोन उंचवट्यांच्या रुंदीइतकी, १६ मिमी. त्यामुळे पट्ट्या आडव्या फिरवून बाजूंना नक्षी बसवता येते, फट राहत नाही. पाटाच्या नादी लागू नका. सर्वांत पातळ पट्टीही या प्रमाणात पाच इंच जाड होते.

लांब मेजं, बाकं, उंच पाठीच्या खुर्च्या हा युरोपी गढीचा थाट. दख्खनी वाड्याची शान जमिनीलगत: गादी, लोड, तक्के, समई. आणि इथेच घोडं अडतं. लेगोच्या माणसाचे पाय फक्त कमरेत वाकतात, त्याला मांडीच घालता येत नाही! पाय समोर ताणून गादीवर बसलेला सरदार कसा दिसेल? त्यावर तोड एकच. पाय काढून धड दोन उंचवट्यांवर रोवायचं आणि पुढे तिरके तुकडे लावून मांडीचा आभास करायचा. माझ्या मते एवढी खटपट केलीच पाहिजे. नाहीतर वाडा आपला आणि बसणारा परका.

येत्या दिवाळीत आधी बैठक मांडा. तिच्या मापावरून दालन ठरवा आणि तटबंदी सगळ्यात शेवटी उभारा.