चिअर कुठे करावं, गप्प कुठे राहावं

मैदानात उतरलेल्या आपल्या माणसाला चिअर करायचं, हे आता शाळेच्या क्रीडामहोत्सवापासून वानखेडेच्या स्टँडपर्यंत सगळीकडे गृहीत धरलेलं असतं. गलका जितका मोठा तितका खेळाडूला हुरूप जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धा खरा आहे. राहिलेल्या अर्ध्यात मात्र आपण ज्याच्यासाठी घसा फोडतो त्याचंच नुकसान होऊ शकतं, आणि याकडे आईवडिलांनी, प्रशिक्षकांनी जरा गंभीरपणे पाहायला हवं असं मला वाटतं.

आधी खऱ्या अर्ध्याबद्दल. जिथे सगळा प्रश्न ताकदीचा आणि दमाचा असतो, तिथे ओरडण्याचा उपयोग होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना कोपरातून हात वाकवताना होता नव्हता तेवढा जोर लावायला सांगितलं. शेजारून कुणी जोरात प्रोत्साहन देत असताना तो जोर सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. २००२ च्या एका अभ्यासात ट्रेडमिलवर पार दमेपर्यंत धावणाऱ्यांपैकी काहींना दर २० सेकंदांनी, काहींना दर मिनिटाने, तर काहींना दर तीन मिनिटांनी प्रोत्साहन दिलं. पहिल्या दोन गटांना फायदा झाला, तिसऱ्याला नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो. पाय जड झालेले असतात, पुढे काय करायचं हे मात्र पक्कं ठाऊक असतं. अशा जागी उभं राहून अनोळखी धावपटूंना हाका मारणारे लोक खरोखरच त्यांच्या कामी येतात.

कामात नेमकेपणा लागला की गणित बदलतं. नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन संशोधकाने १८९८ मध्येच मुलांना मासेमारीच्या गळाचं रीळ फिरवायला दिलं होतं. सोबत दुसरं मूल असताना बरीच मुलं जास्त वेगाने रीळ फिरवू लागली, पण काहींचा गोंधळ उडून वेग उलट कमी झाला. असं का व्हावं, याचं पटण्याजोगं उत्तर १९६५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी दिलं. कुणीतरी पाहतंय या जाणिवेने शरीर उत्तेजित होतं, आणि त्या भरात अंगवळणी पडलेली कृती आधी बाहेर पडते. काम सोपं किंवा घोटून पक्कं झालेलं असेल तर तीच कृती बरोबर ठरते. काम नवं किंवा गुंतागुंतीचं असेल तर चूकच आधी होऊन बसते. १९६९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हे चक्क झुरळांवर तपासलं. प्रखर उजेडापासून पळणाऱ्या झुरळांच्या वाटेच्या कडेला त्यांनी पारदर्शक कप्प्यांत ‘प्रेक्षक’ झुरळं ठेवली. सरळ वाटेवर पळणारी झुरळं जास्त वेगाने पळाली, वळण घ्यावं लागणारी मात्र रेंगाळली. इथे ओरडणारं कुणी नव्हतं, नुसती हजेरीच पुरेशी ठरली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की झुरळांचं सोडा, आपल्या बाजूची माणसं पाहून माणसाला धीर येतोच की! धीर येतो, हे खरंच आहे. पण १९९८ मध्ये बटलर आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून जे दिसलं ते विचार करायला लावणारं आहे. अवघड काम करताना समोर आपल्या बाजूचे प्रेक्षक असले की लोक जपून, अंग राखून काम करू लागले आणि त्यांची कामगिरी घसरली. तरीही हे प्रेक्षक आपल्याला मदतच करतात आणि त्यांचा ताण कमी वाटतो, असंच ते सांगत राहिले. म्हणजे ‘तुमच्यामुळे बळ मिळालं’ असं एखादा खेळाडू मनापासून सांगतो, ती त्याची भावना खरी असते. तिच्यावरून खेळ सुधारल्याचं सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. घरच्या मैदानावर संघ जास्त जिंकतात, मग गर्दीचा उपयोग नाही कसं म्हणायचं? उपयोग आहे, पण त्यातला काही भाग खेळाडूंपर्यंत न जाता पंचांवर खर्च होतो. इंग्लंडमध्ये ४० फुटबॉल पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या सामन्यातले प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. पुढे कोरोनाच्या साथीने हीच गोष्ट खऱ्या मैदानांवर पाहायची संधी दिली. १६ मे २०२० पासून जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, मग इतर देशांच्या लीगही. पाहुण्या संघांना जास्त पिवळी कार्डं मिळण्याची जुनी तफावत त्या काळात बरीच कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं.

या पुराव्यातल्या फटीही लपवायला नकोत. बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजमध्ये निर्णायक सामन्यात घरचा संघच दबावाखाली ढेपाळतो, असा निष्कर्ष १९८४ मध्ये निघाला होता. पुढच्या वर्षांची आकडेवारी जोडल्यावर तो टिकला नाही. स्की घालून बर्फावरून धावणं आणि मध्ये थांबून नेमबाजी करणं असं स्वरूप असलेल्या बायॅथलॉनमध्ये प्रेक्षक असताना पुरुष जास्त वेगाने धावले पण नेम चुकले, अगदी झायोन्स सांगतात तसं. स्त्रियांच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं दिसलं. तेव्हा हा काही सगळ्यांना सरसकट लागू होणारा नियम नाही, आणि जुने प्रयोग कुणावर झाले हे विचारणं रास्तच आहे. एवढं मात्र निश्चित दिसतं की एकच आरोळी एका कामाला पोषक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकते.

मग मुलांना प्रोत्साहन द्यायचंच नाही का? द्यायलाच हवं, फक्त वेळ पाहून. टेनिसमध्ये सर्व्हिसच्या आधी पंच प्रेक्षकांना शांत करतात आणि पॉइंट संपल्यावर हवा तेवढा जल्लोष होऊ देतात. रस्सीखेचीत शेवटपर्यंत ओरडावं. कॅरमवर राणी घेणाऱ्या, नवीनच शिकलेला राग मंचावर मांडणाऱ्या किंवा पहिल्यांदाच वक्तृत्वाला उभ्या राहिलेल्या मुलाला त्या क्षणी मोकळं सोडावं. दहावीच्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी ‘तू नक्की टॉप करणार, सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे आहे’ असं सांगून आपण त्याच्या डोक्यात आणखी प्रेक्षक बसवतो. त्यापेक्षा कुठल्या प्रश्नापासून सुरुवात करणार एवढंच विचारावं आणि पाण्याची बाटली हातात द्यावी.