गाडीचं माहेर विचारलंत का?

"ताई, गाडी पसंत केलीये. परवा दसरा. मुहूर्तावर इसार द्यायचाय, तुम्ही तेवढ्या सोबत या."

२०२५ च्या दसऱ्याआधी दोन दिवस धाकट्या जावेचा सिन्नरहून फोन आला. तिचा मसाले-पापडांचा घरगुती व्यवसाय आहे. सहा वर्षं तिने पिशव्या एसटीत चढवून नाशिकला माल पोचवला. भिशी आणि पोस्टातली आरडी मिळून पावणेचार लाख जमले, तशी तिने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. पैसे तिचे, गाडी चालवणारीही तीच.

दुपारी आम्ही नाशिकच्या एका गाडीबाजारात पोचलो. पांढरी, लख्ख पुसलेली गाडी उभी होती. २०१९ चं मॉडेल. विकणारा माझ्या दिरांकडे बघून सांगत होता, "डॉक्टरांची गाडी आहे साहेब. एकच मालक. घर ते दवाखाना, बस्स. अठ्ठेचाळीस हजारच फिरलीये." जावेने बॉनेटवर हात फिरवला. तिचं मन बसलंय हे मला तिथंच कळलं.

मी म्हटलं, "एक दिवस थांबू या."

"मॅडम, उद्या दुसरी पार्टी येतेय."

"येऊ द्या," मी म्हटलं. जावेचा चेहरा पडला. परत येताना रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही.

मी आडमुठेपणा का केला, ते सांगते. २०११ मध्ये आम्ही ओळखीतल्या एका माणसाकडून जुनी गाडी घेतली होती. "नावावर नंतर करू, घाई काय?" असं तो म्हणाला आणि आम्हीही मान डोलावली. त्या गाडीच्या आरसीवर एका फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं होतं. आम्ही ते वाचलं होतं, पण त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. अकरा महिन्यांनी सकाळी सकाळी दोन माणसं दारात आली. आधीच्या मालकाने हप्ते थकवले होते आणि गाडी अजून कर्जाला तारण होती. गाडी गेली, एक लाख ऐंशी हजार गेले. त्यात सासूबाईंनी बांगड्या मोडून दिलेले पैसे होते. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

मैत्रिणींनो, नाशिक हे गाड्या बनवणाऱ्यांचं गाव. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, बॉशचा म्हणजे पूर्वीच्या मायकोचा आहे. घरटी कुणी ना कुणी गाड्यांतलं जाणतं असतं. पण जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग बघतो, सीटकव्हर बघतो. मुलीचं स्थळ आलं तर चार घरं चौकशी करतो आणि गाडीचं माहेर मात्र विचारत नाही. ही चौकशी बायकांना सहज जमण्यासारखी आहे, कारण तिच्यातला मोठा भाग कागद नीट वाचण्याचाच आहे.

कागद बोलू लागले

त्या रात्री आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. सरकारच्या परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कुठलं आरटीओ, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, असं बरंच काही दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण गाडीबाजारवाल्याकडच्या आरसीशी ताडून बघायला तेवढं पुरतं. नंबर एमएच-०८ चा, म्हणजे गाडी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. आपल्या नाशिकचा एमएच-१५, मालेगावचा एमएच-४१. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे पहिलं घर कोणतं ते नंबरच सांगतो.

आरसीवर कर्जाची नोंद नव्हती. मला हायसं वाटलं. ती नोंद असती, तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओत बोजा उतरवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नव्हता. "कर्ज फिटलंय हो" हे तोंडी ऐकून चालत नाही. कर्ज फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं.

मग विम्याचा कागद काढला. जावेने गाडीबाजारवाल्याकडून त्याचा फोटो मागून घेतला होता. त्यात 'नो क्लेम बोनस' पुढे ३५ टक्के होते.

"सूट मिळालीये की," ती म्हणाली.

मी बोटं मोजली. विम्याचा दावा केला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी ही सवलत चढत जाते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. दावा केला की पुन्हा शून्यावर. गाडी मार्च २०१९ ची, मालक एकच. २०२४ मध्येच ५० टक्के व्हायला हवे होते. २०२५ च्या कागदावर ३५ असतील, तर मध्ये कधीतरी ही सवलत शून्यावर आलेली होती. उलटं मोजत गेलो: २०२५ ला ३५, २०२४ ला २५, २०२३ ला २०, २०२२ ला शून्य. म्हणजे २०२१ च्या मार्चपासून पुढच्या वर्षभरात या गाडीचा दावा झालेला असणार.

२०२१. रत्नागिरी जिल्हा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूण शहर बुडालं, ते टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलेलं.

पाणी कुठं लपतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीच्या मेकॅनिककाकांना घेऊन पुन्हा गेलो. काकांनी इंजिन सुरूच केलं नाही. आधी डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. खालच्या खोबणीत बोटाला बारीक, वाळलेला गाळ लागला. मग त्यांनी पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढायला सांगितला. नेहमी बाहेर दिसणारा भाग स्वच्छ होता. आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती. सीट सरकवायच्या लोखंडी पट्ट्यांना खालून गंज चढला होता.

"सीटकव्हर नवं घालता येतं, बेटा," काका जावेला म्हणाले, "पण एवढ्या आत कोण धुतंय?"

त्यानंतर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. गाडीच्या नंबरावरून तिथं सर्व्हिसची नोंद निघते. काही ठिकाणी मालकाची संमती मागतात. आम्ही गाडीबाजारवाल्याकडून डॉक्टरांना फोन लावायला लावला. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. ऑगस्ट २०२१ च्या नोंदीत लांबलचक यादी होती: सीट, गालिचा, वायरिंग आणि मीटरचा अख्खा डबा. पाणी शिरलं तेव्हा गाडी ३१ हजार किलोमीटर फिरलेली होती. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला. म्हणजे कुणी मीटर मागे फिरवला नव्हता, तो बदलला होता. पण अठ्ठेचाळीसमध्ये एकतीस मिळवले की गाडी खरी ७९ हजार फिरलेली होती.

गाडीबाजारवाल्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "पाणी लागलं होतं, पण कंपनीत काम करून घेतलंय. सगळी बिलं आहेत."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच नाही, मॅडम."

हे वाक्य मला अजून आठवतं. त्याला चोर म्हणता येणार नव्हतं. पुरात सापडलेली गाडी दुरुस्त करून विकणं हा काही गुन्हा नाही. डॉक्टरांनीही काही लपवलेलं नव्हतं. पण पूर पाहिलेल्या गाडीत वायरिंगचे सांधे आणि इलेक्ट्रॉनिक भाग वर्षांनंतरही दगा देऊ शकतात, एअरबॅगचा भरवसा राहत नाही. अशी गाडी घ्यायचीच असेल तर ते माहीत असताना, त्या किमतीला घ्यावी. न पाहिलेल्या पुराचे पैसे आपण का मोजायचे?

आणि पूर काही फक्त कोकणात येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या रस्त्यांवर गाड्या जागच्या जागी बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं. आपल्याकडे दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आलं, यावरून गोदेचा पूर मोजतात. २००८ मध्ये, २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा गाड्याही सापडल्याच. पूर ओसरतो, गाड्या पुसल्या जातात आणि दुसऱ्या गावच्या बाजारात उभ्या राहतात.

दसऱ्याचा मुहूर्त गेला. जाऊ दोन दिवस रुसली. सोनं म्हणून आपट्याचं पान देताना एवढंच म्हणाली, "ताई, माझे पावणेचार लाख वाचले, पण मुहूर्त गेला हो." मी म्हटलं, "कागद स्वच्छ सापडले की तोच मुहूर्त."

नावावर झाली की आपली

डिसेंबरात तिला दुसरी गाडी मिळाली. या वेळी सगळं तिनेच तपासलं, मी फक्त बाकावर बसून होते. दिरांकडे बघून बोलणाऱ्या विक्रेत्याला तिने सांगितलं, "मालक मी आहे, माझ्याशी बोला."

तिने फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही समोर घेतली, कोरे फॉर्म घेतले नाहीत. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायचं असतं. हा नियम विकणारीच्याही भल्याचा आहे. गाडी तीन-चार हात फिरली, पण आरसीवरचं नाव बदललं नाही, अशा एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भरपाईची जबाबदारी नोंदणीवरच्या जुन्या मालकावरच ठेवली. तेव्हा घरची जुनी स्कूटर विकली असेल, तर ती अजून कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा.

आता दलालांसाठीही नियम आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने आरटीओचं प्राधिकारपत्र घ्यायचं असतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करायची असते. "तुमचं प्राधिकारपत्र दाखवा" असं विचारायला लाजू नका. आपण भाजीवालीला दहा प्रश्न विचारतो, लाखाच्या व्यवहारात गप्प का बसायचं?

इसार देण्याआधी एवढं करा

• आरसी मूळ प्रत मागा. कितवा मालक आणि कर्जाचा बोजा, या दोन नोंदी आधी वाचा.

• आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून पाहा. खाडाखोड वाटली तर तिथूनच परत फिरा.

• गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर पाहता येतं.

• वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर थकलेली ई-चलनं पाहा आणि विकणाऱ्यालाच भरायला लावा.

• विम्याचे एकाच नव्हे, तर मागच्या तीन-चार वर्षांचे कागद मागा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, पण गाडीची गोष्ट मात्र सांगतो.

• टायरवरचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. काचांवरचं वर्षही पाहा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा.

• मीटर कमी आणि पायाखालच्या पेडलचं रबर झिजलेलं, स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं, असं असेल तर सर्व्हिसची नोंद मागा.

• शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारलेली टुरिस्ट गाडी खासगी करून विकली जाते. आधी परवान्यावर होती का, ते विचारा.

• गुजरात किंवा दादरा-नगर हवेलीचा नंबर स्वस्त वाटतो. पण तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर धरून हिशेब करा.

• गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

जानेवारीत जावेच्या घरी पोस्टाने आरसीचं कार्ड आलं. तिने लगेच मला फोटो पाठवला. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण घराच्या उताऱ्यावर, वीजबिलावर, गॅसच्या पुस्तकावर तिचं नाव कुठेच नव्हतं. त्या कार्डावर मालक म्हणून तिचं पूर्ण नाव होतं. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, कर्जाचा रकाना पण बघितला. रिकामा आहे."